माथेरानची स्वारी आणि श्रीमंत सासऱ्याचा शोध

मे महिना लागला की आमच्या सोनपेठच्या बाजारपेठेत दोन गोष्टी हमखास वाढतात. एक उन्हाचा पारा आणि दुसरी लग्नपत्रिकांची चळत. बँकेत अधिकारी होतो तेव्हा लोक कर्जाचे कागद तपासून घेण्यासाठी माझ्याकडे येत. निवृत्तीनंतर तेच लोक आपल्या मुलांचे बायोडाटा तपासून घेण्यासाठी येतात. दोन्ही कागदांत एक साम्य असते. जमेची बाजू ठळक अक्षरांत आणि देण्याची बाजू बारीक अक्षरांत लिहिलेली असते.

गेल्या पंधरवड्यात समाजातील एक तरुण असाच घरी आला. दुकान बरे चाललेले, मुलगा निर्व्यसनी, वय एकतीस. म्हणाला, "काका, आम्ही तिघे मित्र सुट्टीत गोव्याला जातोय. ज्या रिसॉर्टमध्ये उतरणार आहोत तिथे मुंबई-पुण्याची बडी मंडळी येतात म्हणे. ओळखी होतात. एखादे मोठे घराणे गवसले तर आयुष्याचे कल्याण होईल. बायोडाटात किराणा दुकानाऐवजी 'ट्रेडिंग कंपनी' लिहिले तर चालेल ना?"

मला हसू आवरेना. त्याला राग आला असावा. पण मी त्याला नव्हे, स्वतःला हसत होतो. वाचकहो, चाळीसएक वर्षांपूर्वी मीही याच मोहिमेवर निघालो होतो. त्या स्वारीची हकीगत आज प्रथमच लिहीत आहे. त्या वेळच्या सवंगड्यांपैकी दोघांनी "नाव छापू नकोस" या अटीवर परवानगी दिली आहे. तिसऱ्याची परवानगी घेण्याचा प्रश्नच उरला नाही. तो आता या जगात नाही.

चौघांची योजना

साल १९८३. मी एम.कॉम. होऊन नोकरीच्या परीक्षा देत होतो. माझे तीन मित्र आपापल्या वडिलांच्या गादीवर बसू लागले होते. एकाची धान्याची आडत, दुसऱ्याचे कापडाचे दुकान, तिसऱ्याचा किराणा. रात्री दुकाने मिटल्यावर वाण नदीच्या बाजूला फिरायला जायचे आणि भविष्याची चिंता करायची, हा आमचा नेम.

आडतवाल्या मित्राने एके रात्री सिद्धान्त मांडला. "दुकानातून माणूस वर्षाला चार पैसे मिळवतो. लग्नातून एकाच दिवसात मिळवतो. मग लग्नाचा विचार दुकानापेक्षा अधिक गंभीरपणे का करू नये?" त्याला कुठून तरी कळले होते की मुंबईची श्रीमंत गुजराती आणि जैन कुटुंबे मे महिन्यात माथेरानला महिना-महिना राहतात. सकाळ-संध्याकाळ मंडळी पायी फिरतात, तिथे ओळखी सहज होतात आणि मुंबईच्या पेढीवर जे शेठ भेटायलाही तयार नसतात ते तिथे बाकावर शेजारी बसून गप्पा मारतात.

योजना ठरली. तिघांनी पांढरे सफारी शिवून घेतले. मला घेतले ते हिशेब ठेवण्यासाठी. मी वाणिज्य शाखेचा, शिवाय माझ्या चेहऱ्याकडे पाहून कोणी मुलगी देणार नाही, याबद्दल तिघांचे एकमत होते. घरी मात्र यात्रेला जातो असे सांगितले. जिंतूरजवळच्या नेमगिरीचे दर्शन घेऊन पुढे गजपंथाला जाणार, असा प्रवासाचा मार्ग वडिलांना ऐकवला. त्यांनी वाटखर्चाला पन्नास रुपये दिले आणि भंडारात टाकण्यासाठी अकरा वेगळे दिले. ते अकरा रुपये आम्ही खर्चात धरले, हे आज कबूल करतो.

दस्तुरी नाका

त्या काळी आमच्या भागात मीटरगेज होती. गंगाखेडहून निघून मनमाडला गाडी बदलायची आणि मोठ्या रुळावरून मुंबईकडे जायचे. आडतवाल्याचे म्हणणे असे की आगगाडीने मजल मारली तरी माथेरानात प्रवेश मोटारीतूनच झाला पाहिजे. श्रीमंतांच्या नजरेत पहिला ठसा महत्त्वाचा. म्हणून कल्याणला उतरून आम्ही दिवसभरासाठी अँबॅसेडर ठरवली. नेरळला छोटी गाडी उभी होती. १९०७ साली सुरू झालेली ती चिमुकली आगगाडी पाहून माझे मन लोभावले, पण मित्र म्हणाले, "त्या खेळण्यात बसून कोण श्रीमंत दिसेल?"

घाट चढून आम्ही दस्तुरी नाक्यावर आलो आणि चालकाने गाडी थांबवली.

"उतरा," तो म्हणाला.

"अहो, गावात न्या."

"साहेब, इथून पुढे मोटार जात नाही. माथेरानात मोटारीला बंदी आहे. ठाऊक नव्हतं?"

ठाऊक नव्हते. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळे वसाहतीला आलेल्या या डोंगरावर खाजगी मोटार चालत नाही, ही त्याची ख्यातीच आहे. त्या काळी नाक्यापासून पुढे चालत, घोड्यावर किंवा हातरिक्षाने जावे लागे. जी मोटार दाखवण्यासाठी आम्ही एकशे ऐंशी रुपये मोजले ती नाक्यावरच्या माकडांखेरीज कोणी पाहिली नाही. त्या माकडांनी मात्र तिची दखल घेतली. किराणावाल्याच्या आईने दिलेला दशम्यांचा डबा खिडकीतून लंपास झाला.

पुढचे दोन-अडीच किलोमीटर आम्ही बॅगा डोक्यावर घेऊन चाललो. माथेरानची माती लाल. आडतवाल्याने ऐट म्हणून घोडा केला. पुढे त्याचा घोडा आणि मागे आम्ही तिघे, अशी मिरवणूक निघाली. घोड्याच्या टापांनी उडालेली धूळ आमच्या पांढऱ्या सफारींवर बसत राहिली. बाजारात पोहोचलो तेव्हा आम्ही विटांच्या भट्टीवरून सुटून आलेले मजूर दिसत होतो. एका लॉजच्या व्यवस्थापकाने विचारले, "कामासाठी आलात का? मुकादम मागच्या बाजूला बसतात."

आणि ज्यांच्यासाठी हा सारा थाट, ती लक्षाधीश कुटुंबे? ती त्याच छोट्या गाडीतून, खिडकीबाहेर हात काढून, मुलांसह गाणी म्हणत आली होती.

सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे

चौघांत एक खोली घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून मोहीम सुरू झाली. पॅनोरमा पॉइंटला सूर्योदय, शार्लट तलावाला सकाळ, इको पॉइंटला संध्याकाळ. तिथे एका वयस्क शेठजींचे कुटुंब रोज दिसे. शेठजी, शेठाणी, वृद्ध आई, दोन नातवंडे आणि त्यांच्याबरोबर एक तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला, पैशांची पिशवी तिच्या हातात, घोडेवाल्याशी घासाघीस तीच करी. कापडवाल्याने निष्कर्ष काढला, "हीच घरची एकुलती एक मुलगी. सारा कारभार हिच्या हातात दिसतो."

ओळख करून घेण्यासाठी त्याने धर्माचा मार्ग निवडला. शेठजींना नमस्कार करून तो म्हणाला, "जय जिनेंद्र. सूर्यास्त होत आला, मी निघतो. माझा चौविहार असतो." वास्तविक त्याचा चौविहार पर्युषणातसुद्धा दोन दिवसांपलीकडे टिकत नसे. शेठजी प्रसन्न झाले. "आजकालच्या तरुणात असे संस्कार कुठे? या, आमच्याबरोबरच जेवा. नंतर एकत्र सामायिक करू."

झाले! त्या दिवसापासून रोज सायंकाळी आमचा मित्र कटासनावर बसला. अठ्ठेचाळीस मिनिटे, एक मिनिट कमी नाही. नवकार मंत्राच्या पुढे त्याला फारसे येत नव्हते. तो ओठ हलवत राही आणि डास चावला तरी हलता येत नसे, कारण शेजारी शेठजी ध्यानस्थ. आम्ही तिघे बाजारात गरम भजी खात असू आणि तो रात्रभर उपाशी पोटाने आम्हाला शिव्या देत असे. तिसऱ्या दिवशी त्या मुलीनेच त्याला विचारले, "तुम्हाला करेमि भंते येत नाही ना? मी लिहून देऊ का?" तिने वहीच्या पानावर पाठ लिहून दिला. तो कागद त्याच्याकडे आजही आहे.

ओळख निघाली

आडतवाल्याने मात्र वेगळी चाल खेळली. त्याने शेठजींना सांगितले की आमची मुंबईत पेढी आहे, मराठवाड्यात जिनिंग आहे आणि मोटार दस्तुरीला उभी आहे. शेवटचे विधान चार दिवसांपूर्वी तासाभरापुरते खरे होते.

आपल्या समाजात थाप मारणे किती अवघड आहे, हे त्याच्या ध्यानात आले नाही. आपल्याकडे परका माणूस भेटला की तीन प्रश्न विचारतात. गाव कोणते, गोत्र कोणते आणि मामकुळ कोणते. तिसऱ्या प्रश्नापर्यंत माणसाचा सातबारा निघतो. शेठजींनी हे प्रश्न विचारले आणि शांतपणे मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मानवतचे एक वृद्ध व्यापारी त्यांना भेटायला आले. ते शेठजींचे साडू निघाले. इको पॉइंटवर, सर्वांच्या देखत, त्यांनी आमच्या मित्राला निरखून पाहिले.

"अरे, तू सोनपेठचा ना? वडिलांना सांग, माझ्या तुरीची पट्टी दिवाळीपासून राहिली आहे. जिनिंग घेतलं म्हणे तुम्ही? मग आता पट्टी द्यायला हरकत नाही."

किराणावाल्याला हसू फुटले. समोरच्या डोंगरावरून ते हसू परत ऐकू आले. आमच्या मित्राचा चेहरा माथेरानच्या मातीच्या रंगाचा झाला. शेठजी मात्र रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बेटा, तुरीची पट्टी बुडवली नाहीस तर उद्या जिनिंगही घेशील. आज घेतल्याचं सांगू नकोस."

आणि किल्ल्यांचा जुडगा बाळगणारी ती 'एकुलती एक वारस'? ती शेठजींच्या मुनिमांची मुलगी होती. वडील वारलेले. शाळेत शिकवत असे आणि सुट्टीत शेठजींच्या आईची सोबत करण्यासाठी आली होती. ही बातमी कळली त्या रात्री कापडवाला फार वेळ गप्प बसला. सकाळी म्हणाला, "मी आजही सामायिकाला जाणार." आम्हाला वाटले, याचे डोके फिरले.

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडला. ती वही अजून माझ्याजवळ आहे. आगगाडी २४०, मोटारभाडे १८०, सफारी तीन नग ६७५, खोली १६०, जेवणखाण २१०, घोडे ४५, धुलाई १२, किरकोळ व माकडांनी नेलेला ऐवज धरून ३८. एकूण खर्च रुपये १५६०. जमा बाजूला मी लिहिले होते : 'निरंक'.

ती नोंद चुकली होती. दोन वर्षांनी कापडवाल्याने त्याच मुनिमांच्या मुलीशी, तिच्या आईकडे जाऊन, नारळ आणि रुपयावर लग्न केले. आज सोनपेठला त्यांचे जे दुकान आहे त्याच्या खातेवह्या पस्तीस वर्षे वहिनींनीच सांभाळल्या. माझ्या नोकरीच्या काळात इतक्या स्वच्छ वह्या मी फार थोड्या पाहिल्या.

हा शोध जुनाच

श्रीमंत सासऱ्याच्या शोधात निघालेला तरुण ही जगभरच्या विनोदाची जुनी पेठ आहे. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये बसानिओ आधीच कर्जात बुडालेला. श्रीमंत पोर्शियाला वरण्यासाठी थाटामाटाने जायचे म्हणून तो मित्राच्या जामिनावर तीन हजार डुकाट उचलतो, तीन महिन्यांच्या मुदतीने. आपल्या व्यापारी भाषेत सांगायचे तर लग्नासाठी काढलेले हे अल्पमुदतीचे कर्ज, आणि तारण म्हणून जामीनदाराचे शेरभर मांस! त्याच नाटककाराच्या दुसऱ्या नाटकातील नायक धनाढ्य बायको मिळवायचीच, असे उघड सांगत पादुआ नगरीत येतो. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी 'त्राटिका' म्हणून ते नाटक मराठीत आणले आणि आपल्या आजोबांच्या पिढीला पोटभर हसवले.

१९८५ च्या 'धूमधडाका' चित्रपटात श्रीमंताची मुलगी मिळावी म्हणून अशोक सराफ यांनी खोटा उद्योगपती बाप उभा केला, तेव्हा परभणीच्या चित्रपटगृहात आम्ही मित्र एकमेकांकडे पाहतही नव्हतो. पुढे १९९४ साली 'अंदाज अपना अपना' आला. दोन रिकामटेकडे तरुण लक्षाधीशाच्या मुलीसाठी उटीला जातात आणि ज्या मुलीला मालकीण समजतात ती मालकीण नसते. प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा तो फारसा चालला नाही, नंतर घरोघरी लोकप्रिय झाला. कापडवाल्या मित्राच्या घरी तो लागला की वहिनी आवाज वाढवतात आणि मित्र उठून आत जातो.

पण या विषयावर सर्वात मार्मिक उत्तर मला नाटक-चित्रपटात नव्हे, आपल्या घरातील कथेत सापडते. ओळीच्या दिवसांत श्रीपाल-मैनासुंदरीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. उपाध्याय विनयविजयजींनी आरंभलेल्या आणि उपाध्याय यशोविजयजींनी पूर्ण केलेल्या 'श्रीपाल रास'मुळे ती घराघरांत पोहोचली. श्रीपाल रोगमुक्त होतो, उज्जयिनीच्या राजाचा जावई म्हणून सुखात राहतो. एके दिवशी रस्त्यात कोणी विचारते, हा कोण? उत्तर मिळते, राजाचा जावई. एवढ्या एका शब्दाने श्रीपाल अस्वस्थ होतो. स्वतःच्या गुणाने ओळखला जाणारा श्रेष्ठ, आणि सासऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा सर्वांत खालचा, हे त्याला बोचते. आई आणि पत्नीचा निरोप घेऊन तो परदेशी निघतो आणि स्वतःच्या पराक्रमाने वैभव मिळवून परत येतो. आयंबिल करताना आपण ही कथा भक्तीने ऐकतो. उठल्यावर मात्र मुलाच्या बायोडाटात 'समोरची पार्टी भारी हवी' असे मनात धरतो.

काउंटरच्या पलीकडून

आता जे लिहितो त्यात हसण्यासारखे काही नाही.

आडतवाल्या मित्राने आपला सिद्धान्त सोडला नाही. माथेरानला जमले नाही ते त्याच्या वडिलांनी मध्यस्थामार्फत जमवले. १९८६ साली एका मोठ्या शहरातील मोठ्या घरची मुलगी सून होऊन आली. पन्नास तोळे सोने, रोकड, घरातील सर्व सामान. आडतीसमोर नवा फलक लागला. काही वर्षे चांगली गेली. मग तुरीत दोन हंगाम तोटा आला, उधारी थकली, हुंड्या परतू लागल्या.

मी तेव्हा जिल्ह्यातील एका शाखेत व्यवस्थापक होतो. एका दुपारी तो पत्नीला घेऊन आला आणि माझ्या टेबलावर लाल फडक्याचे गाठोडे ठेवले. सोने तारण कर्ज हवे होते. सराफाने वजन केले, कस पाहिला. कागद तयार झाले. सही करताना वहिनींनी पाटल्यांच्या जोडावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "भाऊजी, या माझ्या आईच्या आईच्या आहेत. सुटतील ना?"

मी म्हणालो, "सुटतील, वहिनी."

सुटल्या नाहीत. मुदत संपली, नोटिसा गेल्या, नियमाप्रमाणे लिलाव झाला. कागद चोख होते. एकाही तपासनीसाने त्यावर शेरा मारला नाही. परंतु त्या दुपारी मित्राला दोन मिनिटे बाहेर बसवून "वहिनी, तुमची मनापासून संमती आहे का?" एवढा एक प्रश्न मी विचारू शकलो असतो. विचारला नाही. मित्र पुढे खचला आणि अकाली गेला. वहिनी आज मुलाकडे असतात. भेटल्या की आदराने चौकशी करतात. पाटल्यांचा विषय त्यांनी कधी काढला नाही. त्यांनी तो काढला असता तर बरे वाटले असते.

कायदा या बाबतीत पुष्कळ स्पष्ट आहे आणि तो आपल्या प्रत्येक घरात ठाऊक असावा. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे आणि त्याच्या कलम १४ नुसार स्त्रीची मालमत्ता ही तिच्या पूर्ण मालकीची असते. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्त्रीधन पत्नीचेच. पतीच्या ताब्यात असले तरी तो केवळ विश्वस्त. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने पुन्हा तेच बजावले : अडचणीत पतीने ते वापरले तरी परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा देणे आणि घेणे, दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा किमान पाच वर्षे कारावास आणि किमान १५,००० रुपये किंवा हुंड्याच्या मूल्याइतका, यांपैकी जो अधिक तो दंड. आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली आहे. तिचा वाटा लग्नमंडपात जावयाच्या हाती द्यायचा नसतो. तो तिच्या नावावर असतो.

माझ्या वहीतील एक नोंद

दुसऱ्याचा हिशेब मांडताना आपली वही झाकून ठेवणे बरे नव्हे. माथेरानच्या मोहिमेत मी केवळ खजिनदार होतो, असे मी चाळीस वर्षे हसत सांगत आलो. परंतु १९८४ मध्ये मला नोकरी लागली आणि लगेच लग्न ठरले. वडिलांनी बैठकीत सांगितले, "आमचे काही मागणे नाही. मुलाला बँकेत जायला एक स्कूटर असली की झाले." मी तिथेच बसलो होतो. एम.कॉम.च्या अभ्यासक्रमात नफा-तोट्याची सर्व कोष्टके शिकलेला मी मान खाली घालून बसलो. त्या काळी चेतकसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादी असे. सासऱ्यांनी कोणाकडून तरी नंबर अधिक पैसे देऊन विकत घेतला. मी ती अकरा वर्षे चालवली.

ती विकली त्या दिवशी सौभाग्यवती सहज बोलावे तसे बोलल्या, "माझ्या धाकट्या बहिणीला परभणीला कॉलेजात घालायचे पैसे होते ते. ती शिकायची राहिली."

अकरा वर्षे त्या स्कूटरवर मागे बसून त्यांनी हे मनात ठेवले होते. पुढे मेहुणीच्या मुलीच्या शिक्षणाचा भार मी उचलला. ती मुलगी आज सनदी लेखापाल आहे. तिने एकदा विचारले, "काका, तुम्ही एवढं का केलं?" मी म्हणालो, "जुने देणे होते." तिने माहिती म्हणून लिहून घ्यावे तसे मान हलवली. पण तिच्या आईचे कॉलेज काही परत आले नाही. काही देणी फेडली तरी खाते बंद होत नाही.

पारडे फिरले आहे

आणि आता आजचे चित्र पाहा. देवलांच्या १८९९ च्या 'शारदा' नाटकात कांचनभट पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघतो. त्यानंतरच्या काळात आपण मुलगे विकायला बसलो. आज गिऱ्हाईकच फिरले आहे. सोनपेठ, गंगाखेड, पाथरी, मानवत, कुठेही जा; दुकान आहे, घर आहे, मुलगा चांगला आहे आणि मुलगी मिळत नाही, हीच तक्रार.

याची कारणे आपल्याच घरात आहेत. २००१ च्या जनगणनेत जैन समाजात साक्षरता ९४.१ टक्के आणि स्त्री-साक्षरता ९०.६ टक्के होती, देशात सर्वांत वर. याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८७०. याबद्दल आपण मौन पाळतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ मध्ये हा आकडा ८०७ पर्यंत घसरला. त्या वेळची बालके आज लग्नाच्या वयाला येत आहेत. अहिंसेचे व्रत सांगणाऱ्या घरांनी हे आकडे देवघरात लावून ठेवावेत. ज्या मुलींना आपण येऊच दिले नाही त्यांचा शोध आता गोव्याच्या रिसॉर्टमध्ये घेऊन उपयोग काय? आणि ज्या आल्या, शिकल्या, त्या विचारतात : तुमच्या गावात मी काय करणार? शिक्षण घेतलेल्या मुलीला फक्त उंबरठ्याच्या आत जागा देणाऱ्या घराचा बायोडाटा कितीही जाड कागदावर छापला तरी तिला तो पटत नाही.

या टंचाईवर नवे धंदे उभे राहिले आहेत. मध्यस्थ रोख रक्कम घेतो, परगावची मुलगी दाखवतो, घाईने लग्न लागते आणि आठवड्यात दागिन्यांसह नवरी गायब होते. मोबाइलवर श्रीमंत घराण्यातील मुलगी म्हणून कोणी गोड बोलते, मग अडचण सांगून पैसे मागते. समोर मुलगी असते की मिशा असलेला गडी, हेही कळत नाही. फसवणूक झाल्यास लाजून गप्प न बसता १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणे अवघड. आम्ही १९८३ मध्ये खोटे घेऊन गेलो आणि उघडे पडून सुखरूप परतलो, कारण तिथे मानवतचे काका होते. आजच्या मोबाइलमध्ये मानवतचे काका नाहीत. म्हणून परिचय मेळाव्यांचे आणि जुन्या पद्धतीच्या चौकशीचे मोल मला अधिक वाटते. भारतीय जैन संघटनेने सामुदायिक विवाहांची जी चळवळ पुण्यातून उभी केली तिचा अर्थही हाच होता की लग्नातला देखावा जावा आणि माणसे दिसावीत.

तर त्या तरुणाला मी काय सांगितले? बायोडाटातील 'ट्रेडिंग कंपनी' खोडून 'किराणा व भुसार दुकान, सोनपेठ' असे लिहायला लावले. दुकानावर कर्ज किती आहे, तेही लिही म्हटले. तो दचकला. मी सांगितले, "ज्या मुलीला हे वाचून पळावेसे वाटेल ती लग्नानंतर पळण्यापेक्षा आत्ताच पळालेली बरी." खाली आणखी एक ओळ घातली : 'पत्नीस स्वतःचे शिक्षण, नोकरी वा व्यवसाय चालू ठेवण्यास घरातून पूर्ण पाठिंबा.' त्यावर म्हटले, "ही ओळ आधी आईला वाचून दाखव. तिने होकार दिला तरच छाप."

चार दिवसांनी तो पुन्हा आला. आईने ओळ वाचली, दोन दिवस विचार केला आणि 'पूर्ण' हा शब्द खोडला होता. आम्ही तिघे, तो, त्याची आई आणि मी, त्या एका शब्दावर तासभर बोललो. शब्द परत आला. गोव्याची तिकिटे मात्र त्याने रद्द केली नाहीत, म्हणाला, "काका, समुद्र बघून येतो. पैसे भरले आहेत." मी म्हणालो, "जरूर जा. फक्त तिथे मोटार आत जाते का, ते आधी विचारून घे."